परीक्षण-जाळे आणि खरी गल्ली

विद्युत वितरणाचा अभ्यास करणाऱ्यास आरंभीच एक अडचण भेडसावते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी परीक्षानळीत प्रयोग करतो. तो फसला तर नळी धुऊन पुन्हा आरंभ करता येतो. वीज वाटणारे जाळे मात्र असे धुऊन ठेवता येत नाही. ते अहोरात्र चालू असते. त्याच्या टोकाला कोणाच्या घरात दिवा, कोणाच्या दवाखान्यात प्राणवायूचे यंत्र आणि कोणाच्या कारखान्यात लेथ चालू असते. 'ही तार काढून ती जोडली तर काय होईल, ते पाहू' असे म्हणून कोणत्याही अभियंत्यास चालू शहरावर प्रयोग करता येत नाही. म्हणून प्रयोग करावयाचा तो कागदावर, अथवा आज संगणकात, रचलेल्या जाळ्यावर. अशा जाळ्यास आपण या प्रकरणात 'परीक्षण-जाळे' म्हणू.

परीक्षण-जाळ्याची आणखी एक आवश्यकता आहे. समजा, एका संशोधकाने विजेची गळती कमी करण्याची नवी रीत काढली आणि ती आपल्या गावच्या जाळ्यावर वापरून गळती तीस टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. दुसऱ्याने आपल्या गावी वेगळी रीत वापरून वीस टक्के घट दाखविली. आता पहिली रीत श्रेष्ठ म्हणावी काय? तसे म्हणता येत नाही. कारण दोघांची गावे निराळी, तारांची लांबी निराळी, ग्राहकही निराळे. दोघांनी एकाच जाळ्यावर, त्याच आकड्यांनिशी आपापली रीत चालविली तरच तुलना न्याय्य ठरेल. धान्य मोजणाऱ्या दोघांजवळ एकाच मापाची पायली असावी लागते, तसेच हे आहे. परीक्षण-जाळे ही विद्युत अभियंत्यांची सर्वमान्य पायली होय.

तथापि पायली म्हणजे धान्य नव्हे. माप अचूक असले म्हणून पोत्यातील धान्य चांगलेच असेल असे नाही. हा भेद ध्यानी न घेतल्यास शास्त्रीय लेखांतील सुबक निष्कर्ष आणि एखाद्या खऱ्या गल्लीतील अंधार यांचा मेळ बसत नाही. तो कोठे बसतो व कोठे सुटतो, हे पाहण्यासाठी आपण कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला या वस्तीचे उदाहरण घेऊ.

बेहाल्याचे जाळे

कोलकात्यास विजेचा परिचय फार जुना आहे. कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन या कंपनीचे इमामबाग लेनमधील वीजघर 17 एप्रिल 1899 रोजी सुरू झाले. हीच कंपनी आज सीईएससी या नावाने कोलकाता व हावडा या शहरांना आणि भोवतालच्या भागाला, एकूण 567 चौरस किलोमीटर क्षेत्रात, वीज पुरविते. बेहाल्यास वीज मिळते ती तिच्याच जाळ्यातून.

बेहाला मात्र मूळ शहराचा भाग नव्हता. ही वस्ती साउथ सबर्बन नगरपालिकेत मोडत असे व 1984 साली ती कलकत्ता महानगरपालिकेत समाविष्ट झाली. वस्तीच्या मधोमध उत्तर-दक्षिण धावणारा डायमंड हार्बर रस्ता हा तिचा कणा. तारातला, बेहाला बाजार, बेहाला चौरस्ता, साखेरबाजार, ठाकूरपुकुर ही नावे या रस्त्यावर एकापुढे एक येतात आणि प्रत्येक ठिकाणाहून दोन्ही बाजूंना गल्ल्या फुटतात. गल्लीस पोटगल्ली, पोटगल्लीस बोळ, आणि बोळाच्या टोकाशी शेवटचे घर. नकाशा समोर ठेवला तर एखाद्या झाडाचे खोड, फांद्या आणि डहाळ्या पाहत आहोत असे वाटते.

वितरणाच्या जाळ्याचा आकारही असाच असतो, हा योगायोग नव्हे. मोठ्या उपकेंद्रात वीज उच्च दाबाने येते. तेथून 11,000 अथवा 6,000 व्होल्ट दाबाच्या वाहिन्या वस्तीत शिरतात. ठिकठिकाणी बसविलेली रोहित्रे हा दाब सुमारे 400 व्होल्टपर्यंत उतरवितात आणि तेथून तीन कला व एक उदासीन अशा चार तारांची लघुदाब वाहिनी गल्लीत जाते. घरात येते ती त्यांतील एक कला व उदासीन तार. त्या दोहोंमधील दाब 230 व्होल्टच्या आसपास असतो. शहराच्या जुन्या मध्यभागात हे बहुतेक सारे जमिनीखालील केबलमधून चालते. बेहाल्यासारख्या उपनगरातील गल्ल्यांत खांबांवरून गेलेल्या ताराही पुष्कळ दिसतात.

या झाडासारख्या रचनेस 'अरीय' रचना म्हणतात. तिच्यात प्रत्येक घराकडे जाणारा मार्ग एकच असतो. त्यामुळे ती स्वस्त पडते आणि बिघाड शोधणेही सोपे जाते. दोष हा की, फांदी तुटली की तिच्या पुढचे सारे अंधारात जाते. आणि फांदीच्या टोकाशी पोहोचेपर्यंत विजेचा दाब उतरत जातो. वितरणाच्या शास्त्रातील बहुतेक प्रश्न या दोन वाक्यांतून निघतात.

एक लहानसे परीक्षण-जाळे

मोठ्या जाळ्यांकडे वळण्यापूर्वी आपण स्वतःच एक जाळे रचू. कागद-पेन्सिल घेऊन वाचकाने हे गणित स्वतः करून पाहावे.

बेहाल्यातील एखाद्या गल्लीसारखी एक गल्ली कल्पा. तिच्या तोंडाशी रोहित्र आहे व तेथे दाब 230 व्होल्ट आहे. गल्लीत ओळीने तीन ठिकाणी तारेला घरे जोडलेली आहेत. जेथे तारेला काही जोडले जाते त्या बिंदूस अभियंते 'बस' अथवा 'नोड' म्हणतात; आपण 'गाठ' म्हणू. रोहित्रापासून पहिल्या गाठीपर्यंत, पहिलीपासून दुसरीपर्यंत व दुसरीपासून तिसरीपर्यंत असे तारेचे तीन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याचा जाण्यायेण्याचा मिळून रोध 0.1 ओहम माना. प्रत्येक गाठीवरील घरे 20 अँपिअर प्रवाह घेतात असे समजा.

प्रथम टोकाकडून मागे या. तिसऱ्या तुकड्यातून फक्त शेवटच्या गाठीचे 20 अँपिअर जातात. दुसऱ्यातून दोन गाठींचे 40, आणि पहिल्यातून तिन्ही गाठींचे 60. आता रोहित्रापासून पुढे जा. पहिल्या तुकड्यात दाब 60 गुणिले 0.1, म्हणजे 6 व्होल्ट उतरतो. दुसऱ्यात 4 व तिसऱ्यात 2. एकूण उतार 12 व्होल्ट. पहिल्या गाठीवर 224, दुसरीवर 220 आणि शेवटच्या गाठीवर 218 व्होल्ट दाब मिळतो.

1956 च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाबाच्या ग्राहकास मिळणारा दाब घोषित दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक खाली अथवा वर जाऊ नये, असे बंधन होते. 230 व्होल्टचे सहा टक्के वजा केले की 216.2 उरतात. आपली गल्ली या कसोटीस उतरते. पण शेवटच्या घराजवळ 2 व्होल्टपेक्षाही कमी शिल्लक उरली आहे.

तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्तीही काढता येते. ती प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. तीन तुकड्यांत अनुक्रमे 360, 160 आणि 40 वॅट, म्हणजे एकूण 560 वॅट गळती होते. रोहित्रातून 13,800 वॅट निघतात. त्यांतील सुमारे चार टक्के गल्लीच्या तारा तापविण्यातच खर्ची पडतात.

आता दुर्गापूजा आली. कोलकात्याच्या इतर भागांप्रमाणे बेहाल्यातही गल्लोगल्ली मंडप उभे राहतात. महाराष्ट्रातील वाचकास सार्वजनिक गणेशोत्सवाची रोषणाई आठवावी. आपल्या गल्लीतील मंडपास 15 अँपिअर प्रवाह लागतो असे धरा. मंडप गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या गाठीवर जोडला, तर तुकड्यांतील प्रवाह 75, 40 व 20 होतात. एकूण उतार 13.5 व्होल्ट, शेवटच्या घरी 216.5 व्होल्ट पोहोचतात. गल्ली कशीबशी उत्तीर्ण होते. तोच मंडप गल्लीच्या टोकाशी जोडला, तर प्रवाह 75, 55 व 35 होतात. उतार 16.5 व्होल्ट आणि शेवटच्या घरी केवळ 213.5 व्होल्ट. गल्ली अनुत्तीर्ण झाली. भार तोच, रोहित्र तेच, तारही तीच. बदलली ती केवळ जागा.

गळतीचा हिशेब तर अधिक बोलका आहे. टोकाशी मंडप असताना ती 987.5 वॅट होते. भार 60 अँपिअरवरून 75 झाला, म्हणजे चौथ्या हिश्श्याने वाढला. गळती मात्र तीन चतुर्थांशाहून अधिक वाढली.

यावर उपाय काय? तार जाड करणे हा एक. दुसरा उपाय अधिक कल्पक आहे. गल्लीचे टोक शेजारच्या गल्लीतील रोहित्राशी एका तारेने जोडलेले असावे, पण मध्ये एक स्विच नेहमी उघडा, म्हणजे प्रवाह न जाऊ देणारा, ठेवलेला असावा. पूजेच्या दिवसांत हा स्विच जोडावयाचा आणि आपल्या गल्लीतील दुसऱ्या व तिसऱ्या गाठीमधील तुकडा तोडावयाचा. त्यामुळे तिसरी गाठ शेजारच्या रोहित्रावर जाते. तिकडून येणाऱ्या तारेचा रोध 0.2 ओहम आहे व तिच्यावर दुसरा भार नाही असे धरल्यास तेथे 35 अँपिअरमुळे 7 व्होल्ट उतरून 223 व्होल्ट मिळतात. आपल्या गल्लीत दोनच गाठी उरल्याने दुसऱ्या गाठीवर 224 व्होल्ट येतात. दोन्हीकडची गळती मिळून 445 वॅट. म्हणजे मंडप नसतानाच्या गळतीपेक्षाही कमी. एक मीटरही नवी तार न टाकता, केवळ मार्ग बदलून हे साधले. अर्थात शेजारच्या रोहित्रास तेवढी ताकद शिल्लक असली पाहिजे, हे विसरता कामा नये.

या गणितात आपण एक सोय करून घेतली होती. दाब उतरला तरी घरे तेवढाच प्रवाह घेतात, असे मानले. परंतु कित्येक आधुनिक उपकरणे ठराविक शक्ती मागतात. दाब कमी मिळाला की ती प्रवाह अधिक ओढतात. 230 व्होल्टवर 20 अँपिअर घेणारे, म्हणजे 4,600 वॅटचे असे उपकरण 218 व्होल्टवर सुमारे 21.1 अँपिअर घेईल. मग उतार आणखी वाढेल व हिशेब पुन्हा मांडावा लागेल. टोकाकडून मागे येत प्रवाह काढावयाचे, मग रोहित्राकडून पुढे जात दाब काढावयाचे आणि उत्तर स्थिर होईपर्यंत हीच येरझार चालू ठेवावयाची, अशी ही रीत आहे. अरीय जाळ्यांसाठी ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पश्चिम बंगालमधीलच खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून स्मरजित घोष व देबप्रिया दास यांनी 1999 साली अशा जाळ्यांतील भारप्रवाह काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती याच वाटेने जाणारी आहे.

जगातील परीक्षण-जाळी

संगणक येण्यापूर्वी परीक्षण-जाळे हे खरोखरीचे, हाताने स्पर्श करता येण्याजोगे असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1929 साली असे एक यंत्र उभे राहिले. मोठ्या विद्युत व्यवस्थेची ती लहान प्रतिकृतीच होती. तारांच्या जागी रोध, वेटोळी व धारित्रे जोडावयाची आणि हव्या त्या ठिकाणी मापक लावून दाब वाचावयाचा, अशी तिची पद्धत होती.

पुढे आकड्यांनी भरलेली कोष्टके हेच जाळे झाले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका विद्युत व्यवस्थेची फेब्रुवारी 1962 मधील स्थिती 14 गाठींच्या जाळ्यात नोंदली गेली आणि ते जाळे जगभरच्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा बनले. पण ते पारेषणाचे, म्हणजे वीज दूरवर उच्च दाबाने नेणाऱ्या तारांचे जाळे होते. गल्लीबोळांतील वितरणाचे गुणधर्म त्यात नव्हते. वितरणाच्या तारांत प्रतिक्रियतेच्या तुलनेने रोध पुष्कळ असतो आणि रचना अरीय असते; म्हणून पारेषणासाठी उत्तम ठरलेल्या काही गणिती रीती येथे अडखळत.

1989 साली मेसुत बरान आणि फेलिक्स वू यांनी वितरणासाठी 33 गाठींचे जाळे मांडले. आज या विषयावरील लेखांत ते इतक्यांदा येते की अभ्यासकास त्याचे आकडे पाठ होतात. दाब 12.66 किलोव्होल्ट, एकूण भार 3,715 किलोवॅट, 32 तुकडे नेहमी जोडलेले आणि 5 जोडतारा नेहमी तोडलेल्या. मूळ स्थितीत गळती सुमारे 202.7 किलोवॅट येते आणि सर्वांत लांबच्या शाखेच्या टोकाशी, अठराव्या गाठीवर, दाब सुमारे पावणेनऊ टक्क्यांनी खाली जातो. आपल्या तीन गाठींच्या गल्लीत जे घडले तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते.

प्रश्नही तोच : कोणत्या जोडतारा जोडाव्यात व त्यांऐवजी कोणते तुकडे तोडावेत, की गळती कमीत कमी होईल? एकूण 37 तुकड्यांपैकी पाच तोडावयाचे, पण कोणतीही गाठ एकाकी पडू नये आणि कोठेही वर्तुळ उरू नये. अशा रचना पन्नास हजारांहून अधिक होतात. त्यांतील सर्वोत्तम रचनेत गळती सुमारे 139.5 किलोवॅटवर येते. म्हणजे मूळ गळतीच्या एकतीस टक्के वाचतात. नवी रीत काढणारा प्रत्येक संशोधक या उत्तरापर्यंत पोहोचतो काय व किती लवकर पोहोचतो, यावरून तिची परीक्षा होते.

अमेरिकेतील डब्ल्यू. एच. केर्स्टिंग यांनी 1991 साली दुसऱ्या प्रकारची जाळी प्रसिद्ध केली. त्यांत तिन्ही कलांवरील भार सारखा नसतो. 13 गाठींचे जाळे लहान पण भाराने दाटलेले. 34 गाठींचे अ‍ॅरिझोनातील, लांबलचक व विरळ. 37 गाठींचे कॅलिफोर्नियातील, सर्वस्वी जमिनीखालील. आणि 123 गाठींचे मोठे. 2015 साली युरोपीय धर्तीचे एक लघुदाब जाळे त्यांच्या जोडीस आले. त्यात एका रोहित्रावर 55 घरे आहेत आणि प्रत्येक घराचा भार दिवसभर मिनिटामिनिटाला दिलेला आहे.

जाळ्यात काय नसते

आता बेहाल्याकडे परत जाऊ आणि विचारू, या जाळ्यांपैकी बेहाल्याचे प्रतिनिधित्व कोणते करते?

अमेरिकेत सामान्यतः उच्च दाबाची वाहिनीच घरांजवळपर्यंत नेतात आणि खांबावरचे लहानसे रोहित्र मोजक्या घरांना वीज देते. भारतात व युरोपात मोठे रोहित्र बसवून त्यावरून चार तारांची लघुदाब वाहिनी पुष्कळ घरांपर्यंत नेतात. आपल्याकडे दाबाचा मोठा उतार आणि कलांमधील असमतोल याच शेवटच्या तारांत घडतो. बरान-वू जाळ्यात तर तिन्ही कला समतोल मानलेल्या आहेत व लघुदाबाची गल्ली मुळीच नाही. एक गाठ म्हणजे एक अख्खी वस्ती, तिचा भार एक आकडा. त्या आकड्याच्या आत शेवटचे घर दडून जाते. युरोपीय जाळे आपल्या गल्लीस त्या मानाने जवळचे. परंतु तेथील घराचा दिवस आणि बेहाल्यातील घराचा दिवस एक नव्हे. वैशाख-ज्येष्ठातील रात्री घरोघरी चालणारी वातानुकूलन यंत्रे आणि आश्विनातील पूजेचे मंडप त्यात कोठून येणार?

शिवाय खरे जाळे काळानुसार बदलत असते. जोका ते तारातला हा मेट्रो रेल्वेचा टप्पा 30 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला व डायमंड हार्बर रस्त्यावरून गाड्या धावू लागल्या. अशा मार्गालगत दुकाने, इमारती आणि त्यांच्याबरोबर विजेची मागणी वाढत जाते. परीक्षण-जाळ्याचा भार मात्र प्रसिद्धीच्या दिवशी गोठतो. मापाच्या दृष्टीने हाच त्याचा गुण आहे. कारण माप बदलत राहिले तर तुलना कशी करावयाची? पण वस्तीचे चित्र म्हणून पाहिल्यास हाच त्याचा दोष ठरतो.

विजेची दिशाही आता एकच राहिलेली नाही. आपल्या गल्लीतील शेवटच्या गाठीवर सौर पट्ट्या बसविल्या आणि दुपारी तेथून घराची गरज भागवून 10 अँपिअर उलट तारेत येऊ लागले, असे समजा. माणसे कामावर गेल्याने उरलेल्या दोन गाठी प्रत्येकी 5 अँपिअरच घेत आहेत. हिशेब मांडला की पहिल्या गाठीवर 230, दुसरीवर 230.5 आणि तिसरीवर 231.5 व्होल्ट येतात. टोकाचा दाब रोहित्राहूनही वर गेला. 'टोकाकडे दाब उतरतच जातो' हे आपले पहिले वाक्य येथे खोटे ठरते. जुनी परीक्षण-जाळी या प्रश्नासाठी रचलेली नव्हती; आज अभ्यासक त्यांच्यावर सौर पट्ट्या व विद्युत वाहने बसवून तीच नव्याने वापरीत आहेत.

वादळाची कसोटी

आतापर्यंत आपण जाळे शाबूत आहे असे मानले. ते तुटते तेव्हा काय होते, यासाठीही परीक्षण-जाळी आहेत. कॅनडातील रॉय बिलिंटन यांच्या नावाने ओळखले जाणारे जाळे त्यांत प्रमुख होय. 1991 साली त्यास वितरणाचा भाग जोडण्यात आला. त्यात प्रत्येक तारेस दोन आकडे दिलेले असतात : वर्षाकाठी बिघाड किती आणि दुरुस्तीस तास किती. 11 किलोव्होल्टच्या तारांसाठी दर किलोमीटरमागे वर्षाला 0.065 बिघाड आणि प्रत्येक दुरुस्तीस 5 तास, असे हे आकडे आहेत. यांवरून कोणत्या ग्राहकाची वीज वर्षात सरासरी किती तास जाईल, हे काढता येते. जोडतार असल्यास हे तास किती घटतात, हेही कळते.

या हिशेबाच्या मुळाशी एक गृहीत आहे. एक बिघाड दुसऱ्यावर अवलंबून नसतो आणि एक दुरुस्त होईपर्यंत दुसरा सहसा होत नाही, असे त्यात मानलेले असते. सामान्य दिवसांपुरते ते ठीक आहे. परंतु 20 मे 2020 रोजी अंफान चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले. कोलकात्यात हजारो झाडे उन्मळून पडली आणि पडताना तारा व खांब घेऊन गेली. शहराच्या दक्षिण भागात, बेहाल्यातही, कित्येक वस्त्या अनेक दिवस विजेवाचून राहिल्या. पंप चालेनात म्हणून पाणी मिळेना. टाळेबंदीचे दिवस होते, तरी त्रासलेले नागरिक रस्त्यावर उतरले. अखेर रस्त्यांवरील झाडे हटविण्यासाठी 23 मे रोजी सैन्यास पाचारण करावे लागले.

पाच तासांची दुरुस्ती पाच दिवसांची का झाली, याचे उत्तर विद्युतशास्त्रात थोडे आणि गल्लीत अधिक आहे. एकाच रात्री सर्वत्र बिघाड झाला, म्हणून दुरुस्तीची पथके पुरली नाहीत. साथीमुळे माणसे आधीच कमी होती. पडलेले झाड हटल्याविना खांबापर्यंत पोहोचता येत नव्हते आणि झाड हटविणे हे वीज कंपनीचे नव्हे, तर मुख्यतः महापालिकेचे काम. शेजारच्या वाहिनीवरून वीज आणावी, तर तीही त्याच वाऱ्याने पाडलेली. जी जोडतार सामान्य बिघाडात तारणहार ठरते, ती येथे निरुपयोगी झाली. कारण दोन्ही मार्ग एकाच झाडाखालून गेलेले होते. कागदावर दोन गाठींमधील अंतर दोन निरनिराळ्या रेघांनी दाखविले असते. त्या दोन रेघा एकाच रस्त्याच्या कडेने जातात, हे कागद सांगत नाही.

बेहाल्यासाठी जाळे कसे रचावे

यावरून परीक्षण-जाळी व्यर्थ आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांच्यावाचून रीतींची पारख होऊ शकत नाही. 33 गाठींवर जी रीत चुकते ती बेहाल्यात बरोबर येण्याची आशा धरणे हा भाबडेपणा ठरेल. पण जी तेथे बरोबर येते ती बेहाल्यात बरोबर येईलच, असे मानणे हाही तितकाच भाबडेपणा आहे. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

पुरेसे व्हावयाचे तर दुसरी परीक्षा वस्तीच्या स्वतःच्या जाळ्यावर द्यावी लागेल. खऱ्या वाहिन्यांपासून नमुनेदार जाळी घडविण्याचा मार्ग अज्ञात नाही. अमेरिकेत 2008 साली 575 खऱ्या वाहिन्यांची माहिती तपासून, सारख्यांचे गट पाडून, 24 प्रातिनिधिक वाहिन्या निवडण्यात आल्या. ग्राहकांची नावे व पत्ते गाळून केवळ तारा, रोहित्रे आणि भार एवढेच ठेवले की खासगीपणास धक्का न लावता अशी माहिती विद्यापीठांच्या हाती देता येते.

बेहाल्यासारख्या वस्तीचे जाळे रचणाऱ्याने निदान पाच गोष्टी त्यात घ्याव्यात. पहिली, लघुदाबाच्या चारही तारा आणि प्रत्येक घर कोणत्या कलेवर आहे याची नोंद. दुसरी, भाराचा एकच आकडा नव्हे, तर उन्हाळ्याची रात्र, पूजेची रात्र आणि हिवाळ्याची दुपार अशी तीन निराळी चित्रे. तिसरी, सौर पट्ट्यांतून व वाहनांच्या बॅटऱ्यांमुळे उद्या बदलू शकणारा प्रवाह. चौथी, प्रत्येक तार जमिनीखालून जाते की झाडांखालून, आणि कोणत्या दोन तारा एकाच वाटेने जातात. पाचवी, पाऊस झाला की कोणत्या रस्त्यावर पाणी साचते आणि दुरुस्तीचे पथक तेथवर पोहोचण्यास किती वेळ लागतो. यांतील पहिल्या तीन गोष्टी विद्युत अभियंत्याच्या सवयीच्या आहेत. शेवटच्या दोन मिळविण्यासाठी त्यास संगणकापासून उठून गल्लीतून चालावे लागेल.

परीक्षण-जाळ्याची गुणवत्ता पारखण्याची एक सोपी खूण आहे. जाळे कितीही गाठींचे असो, त्यात शेवटचे घर दिसते काय, हे प्रथम पाहावे. त्या घरी दाब किती पोहोचतो आणि वीज गेल्यास ती परत किती वेळाने येते, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या जाळ्यावरून देता येतात, त्यावरून काढलेला निष्कर्ष वस्तीच्या उपयोगी पडतो. ज्यावरून ती देता येत नाहीत, त्याचा उपयोग रीतींची आपसांत तुलना करण्यापुरताच करावा आणि तेवढाच विश्वास त्यावर ठेवावा.